पाण्याकडे पाणी

घडीच्या टबाचं वजन नऊ शेर.

मीठ नागभीडला मालगाडीने यायचं. पोत्यांवर निळे शिक्के असायचे. ते कुठून येतं, हे त्या मुलखात कधी कोणी विचारलं नाही.

बैलाची जीभ कानशीसारखी असते. एकाच जागी फार वेळ चाटू दिलं तर तळहाताची साल निघते.

इंग्रजी पुस्तकाच्या चौदाव्या पानावर एक गोरा माणूस खुर्चीत हसत बसला होता. मागे चाकांवरचं घर, घराच्या खिडकीला पडदा. पुढे समुद्र. चित्रात बैल नव्हते.

एक्कावन्न साली मालगुजारी गेली, म्हणजे गावांवरची जमीनदारी.

कुंताने झोपडीच्या वळचणीखाली दोन खुंटे रोवले आणि नवऱ्याला म्हणाली, "एक बैल इतं, एक इतं. मदात गव्हान."

हे सगळं एका दौऱ्याचं आहे.

दौरा गुणवंतरावांचा. नागभीडपासून दोन कोसांवरच्या गावाचे ते मालगुजार. म्हणजे होते. मालगुजारी होती तेव्हा ते घोड्यावरून निघाले की बांधावरची माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची. ती गेल्यावर माणसं बसूनच रामराम करू लागली. हे गुणवंतरावांच्या पोटात तीन वर्षं सलत होतं. अशात बदली होऊन गेलेल्या एका जंगल साहेबाच्या बंगल्यात त्यांना ते इंग्रजी पुस्तक सापडलं. समुद्रकाठच्या प्रवासाला काय काय सामान लागतं त्याचं ते किमतीसकट चित्रांचं पुस्तक होतं. दुकान कलकत्त्याचं. गुणवंतरावांनी चौदावं पान पाहिलं आणि ठरवून टाकलं, आपण जायचं. चाकांचं घर घेऊन जायचं. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही तिथली माणसं उभी राहतील.

यादीतलं सामान कलकत्त्याहून मागवलं. वारलू सुताराने महिनाभर खपून एका बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, सागाचं घर बांधलं. दोन खिडक्या, एक दार, आत मालक-मालकिणीपुरती जागा. ते ओढायला लटारू गड्याची जोडी. मागून सामानाची बंडी, ती ओढायला दुसऱ्या गड्याची, केवळरामची.

जोडी केवळरामची म्हणायची, पण मालकी गुणवंतरावांची. पाखऱ्या आणि मोऱ्या. दोघेही दूध पीत होते तेव्हापासून केवळरामच्या हातात. त्याला पोर झालं नाही, म्हणून लोक हसायचे की बायकोच्या, कुंताच्या, वाट्याचं प्रेम बैल खाऊन गेले. दर इतवारी तो तळहातावर मिठाचा खडा धरायचा. पाखऱ्या शहाण्यासारखा चाटून बाजूला व्हायचा. मोऱ्या मात्र खडा संपला तरी हात सोडायचा नाही.

सामान निवडायच्या दिवशी अंगणात धानाचा काटा टांगला आणि गुणवंतरावांनी सगळ्यांसमोर शब्द दिला.

"केवळ्या, पार समुद्रापर्यंत जायचं आहे. दोन्ही बैल धड वापस आणशील, तं ही जोडी तुझी. खुंट्याला बांध अन् मले विचारू नको."

केवळराम त्यांच्या पायाशी वाकला. लटारू बाजूला बिडी ओढत बसला होता. मधे लढाईच्या वर्षांत तो मद्रासकडे कुठेतरी हमाली करून आलेला, तेलुगू जाणणारा. म्हणून तर त्याला बरोबर घेतला होता. तो हसून म्हणाला, "अठरा वर्सं झाली मले इतं राबून, मालक. मले शेपटीचा केसई नाई देल्ला कोनी."

"तू मागतला कधी?" गुणवंतराव म्हणाले. सगळे हसले. लटारूही हसला.

मग सामान काट्यावर चढू लागलं. तंबू, खांब आणि मेखा धरून, तीन मण. घडीच्या दोन खाटा. घडीच्या चार खुर्च्या. स्पिरिटचा स्टोव्ह, ग्रामोफोन, त्याच्या तव्यांची पेटी, मोठी छत्री, दुर्बीण, टब. तांदूळ, डाळ, बैलांना कडबा आणि सरकीची ढेप. शेवटी पाण्याची दोन पिपं. भरलेलं एक पीप अडीच मण, पुस्तकातल्या यादीत पहिल्याच ओळीत लिहिलेलं.

बेरीज सतराच्या वर गेली. केवळराम म्हणाला, "बारा मणाच्या वर नाई जी. लांबची वाट हाये. खांदे फुटतीन."

"मग काढू काय?"

"खुर्च्या काढा," मालकीण रंभाबाई दारातून म्हणाल्या. "दोघांना चार खुर्च्या कशाला?"

"कोणी भेटायले आलं तं त्याले जमिनीवर बसवू काय?"

खुर्च्या राहिल्या. तंबूला हात लावायची कोणाची छाती नव्हती. ग्रामोफोनवर गुणवंतरावांनी स्वतः हात ठेवला होता. केवळरामच्या नजरेसमोर फक्त पिपं होती. पाच मण. महिनाभर दोन मानांवर पाच मण. त्याला पाखऱ्याच्या खांद्यावरची जुनी गाठ दिसत होती.

"पिपं काढा, मालक."

"अन् पाणी?"

"आपन पान्याकडंच तं चाललो जी. वैनगंगा हाये, मंग प्राणहिता, मंग गोदावरी, मंग समुद्रच. पान्याकडं पानी कोन नेते?"

गुणवंतराव आधी हसले, मग रीतीप्रमाणे अंगण हसलं. रंभाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "समुद्राचं पाणी खारं असतं म्हणतात ना?"

"मानसाले खारं, बाई," केवळराम म्हणाला. इतक्या लोकांसमोर आपलं बोलणं ऐकलं जातंय, याची त्याला झिंग चढली होती. "ढोरांले मीठ गोड. माह्या हातचा खडा पायला का मोऱ्या दावं तोडते. त्याले तं सनच होईन."

"झालं तर," गुणवंतराव म्हणाले. "आपल्या प्यायले दोन घागरी घेऊ. बैलांचं ह्याच्यावर."

पिपं उतरली. त्या जागी टब आणि ग्रामोफोन बसला. लटारूने बिडी विझवली आणि तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

*

पौषात निघाले. मूल गाव मागे पडलं, चामोर्शी आली. तिथे बाजाराचा दिवस होता. चाकांचं घर पाहायला हीऽ गर्दी. गुणवंतरावांनी खुर्ची उलगडून घरापुढे मांडली, पायावर पाय टाकला, ग्रामोफोन लावायला सांगितला. माणसं खरंच उभी राहिली. गुणवंतरावांच्या चेहऱ्यावर तीन वर्षांनी रक्त आलं.

तेवढ्यात एका म्हाताऱ्याने केवळरामला विचारलं, "दंडार कव्वा सुरू होते गा? नाच्या कुठी हाये?"

त्याला वाटलं होतं, खेळवाल्यांचा फड आला. बाजार खदखदला. केवळरामलाही हसू आवरलं नाही. अर्धाच हसला, पण गुणवंतरावांनी पाहिलं. ते म्हाताऱ्याला काही बोलले नाहीत. गाव सुटल्यावर त्यांनी घर थांबवलं, लटारूच्या हातून कोरडा घेतला, मागे आले आणि केवळरामच्या पाठीवर तीन ओढले. मग कोरडा लटारूला परत देऊन आत जाऊन बसले.

"माह्या कोरड्याले तुह्या आंगाचा वास लागला," लटारू म्हणाला. "आता माहे बैल भेतीन."

केवळरामने बैल हाकले. पाठ काय, पाठ बरी होते. जोडी मिळणार होती.

आष्टी, मग अहेरी. सागाच्या जंगलातून वाट, दिवसभर चाकांचा कुरकुराट आणि वांदरांचा दंगा. सिरोंच्याला दोन डोंगे जोडून त्यावर आधी घर, मग बंडी चढवली. बैल पोहत आले. पलीकडून गोदावरीच्या काठाकाठाने खाली. रोज संध्याकाळी नदी. केवळराम रोज दोघांना पाण्यात उभं करून चोळायचा आणि लटारूला ऐकू जाईल असं म्हणायचा, "पाय ना गा, कुठी लागली पिपं?"

"तूच शायना," लटारू म्हणायचा.

महिनाभर केवळराम बरोबर होता. माणूस महिनाभर बरोबर असला की त्याला सवय लागते.

पुढे मुलूख सपाट झाला. नदी फुटून तिचे कालवे झाले, ताडाची झाडं आली, जिकडेतिकडे धान. पुस्तकातल्या चित्रासारखं कुठेच काही नव्हतं. गुणवंतराव चिडचिडे झाले. "गावागावानं नाई जायचं. समुद्राच्या काठानं जायचं. वाळूवरून. चार दिवस." शेवटच्या कालव्यावर एक कोळ्यांचं गाव होतं. तिथे एक म्हातारा दोन्ही बंड्यांच्या आडवा आला. बैलांच्या तोंडाकडे बोट दाखवायचा, वाळूकडे दाखवायचा, रिकामं मडकं उलटं धरायचा. "नीळ्ळु लेवु, नीळ्ळु लेवु" असं तो सारखं म्हणत होता.

"काय म्हंते?" केवळरामने विचारलं.

लटारूने म्हाताऱ्याकडे पाहिलं. "म्हंते का, बैल मोठे नामी हायेत. अशे इकडं होत नाई."

केवळरामला बरं वाटलं. त्याने म्हाताऱ्याला हात जोडले. म्हातारा मडकं उलटं धरून तसाच उभा राहिला.

*

वाळूवर पहिला दिवस.

चाकं वीत वीत रुतत होती. बैल दहा पावलं ओढायचे आणि थांबायचे. बारा मणांचे वीस मण झाले होते. डाव्या हाताला समुद्र होता. केवळरामने आयुष्यात एवढं पाणी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, आपण सांगितलं होतं ते केवढं खरं होतं.

दुपारी त्याने ओंजळभर तोंडात घेतलं. घशापर्यंत आग गेली. थुंकलं. मग स्वतःलाच म्हणाला, मी मानूस हाओ, मले लागनच.

संध्याकाळी तंबू ठोकला. मेखा वाळूत राहीनात. गुणवंतराव समुद्राकडे तोंड करून खुर्चीत बसले. समोर कोणीच नव्हतं. एक खेकडा आला आणि गेला. ग्रामोफोनच्या चावीत वाळू गेली, तवा रडल्यासारखा वाजला. बाकीच्या तीन खुर्च्या रांगेत उलगडून ठेवल्या होत्या.

त्या दिवशी बैलांनी पाणी प्यायलं नाही, कारण लाट पायाला लागली की ते उधळायचे. केवळराम म्हणाला, उद्या सवय होईल.

दुसरा दिवस.

सकाळीच मोऱ्याची जीभ बाहेर. नाकपुड्या कोरड्या ठाक. कडब्याला तोंड लावेना. केवळराम घराच्या खिडकीशी गेला. "मालक, एक घागर द्या जी. तोंड ओलं करतो त्याइचं."

"दोन घागरीत चार दिवस चार माणसं काढायची आहेत."

"अर्धी द्या."

"समुद्र पाज," गुणवंतराव म्हणाले. "तूच म्हणला होतास ना? सण होणार होता." ते बाहेर आले. "चल. मले पाहायचं आहे."

सगळे पाण्याच्या कडेला आले. गुणवंतरावांनी दुर्बीण डोळ्याला लावली. बैल वीस पावलांवर होते.

केवळरामने ओंजळ भरली आणि मोऱ्याच्या नाकाशी धरली. मोऱ्याने वास घेतला आणि तळहात चाटला. पुन्हा चाटला. मग मान खाली घातली आणि लाट परतायच्या आत दोन घोट घेतले. मग आणखी.

पाखऱ्या पीत नव्हता. त्याने तोंड फिरवलं. केवळरामने कासरा ओढला, तोंड आणलं, त्याने पुन्हा फिरवलं. मागे मालक बघत होते.

"काऊन?" केवळराम म्हणाला. "पे ना बे!" त्याने हातातली पराणी पाखऱ्याच्या पुठ्ठ्यात खुपसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. टोक आत गेलं, रक्ताचा थेंब आला. पाखऱ्या थरथरला आणि प्यायला लागला. एकदा लागला तो थांबेना. मोऱ्याच्या दुप्पट प्यायला.

"पेले जी!" केवळराम ओरडला. "पाहा मालक, पेले!"

"शाबास," गुणवंतराव म्हणाले आणि दुर्बीण गळ्यात सोडली.

दुपारपर्यंत दोन्ही बैल बिघडले. पाखऱ्याने बंडीच्या चाकाला कपाळ टेकवलं आणि तो ढकलू लागला. चाक हलत नव्हतं, हा थांबत नव्हता. कपाळाची कातडी निघाली तरी ढकलतोय. मोऱ्या दावं तुटल्यावर गोल गोल फिरू लागला, एकाच बाजूला, घाण्याच्या बैलासारखा. केवळरामने समोर जाऊन हात हलवला. मोऱ्याच्या पापण्या लवल्या नाहीत. तो त्याच्या अंगावरून गेला.

"अहो, बैलाला दिसत नाही," रंभाबाई म्हणाल्या.

केवळराम मदतीला लटारूकडे धावला. लटारूची जोडी घराच्या सावलीत रवंथ करत उभी होती. त्यांच्या नाकपुड्या ओल्या होत्या.

केवळरामने लटारूच्या बसायच्या फळीखाली हात घातला. राकेलचे दोन पत्र्याचे डबे. एक रिकामा, एक गळ्यापर्यंत गोड्या पाण्याने भरलेला.

"कुठून आनले?"

"कालव्यावरून."

"म्हाताऱ्यानं हेच सांगतलं होतं?"

"हो."

"समुद्राचं तुले पयलेपासून मालूम होतं? काट्यापाशी बसला होता तव्हापासून?"

"लढाईत पायलं होतं मी. घोडे मरतानी."

"मंग बोलला काऊन नाई बे?"

"मले कोनी इचारलं?" लटारू म्हणाला. त्याचा आवाज चढलासुद्धा नाही. "तुले इचारलं. तूच शायना होता. जोडी तुले भेटनार होती."

केवळरामने डबा उचलला. तेवढ्यात घराचं दार उघडलं.

"गोडं पाणी आहे?" गुणवंतराव म्हणाले. सकाळी ते समुद्रात डुंबले होते आणि तेव्हापासून अंग खाजवत होते. मानेवर लाल वळ उठले होते. "टब उलगड."

"मालक, बैल..."

"टब उलगड म्हणलं ना."

"मालक, मरतीन जी ते. पाया पडतो. तुमचेच बैल हायेत."

"म्हणूनच. माझे बैल, माझं पाणी. आधी माणूस की आधी ढोर?"

रंभाबाई म्हणाल्या, "अहो, एवढं काय, उद्या..."

"तू आत जा."

कलकत्त्याचा टब पहिल्यांदा उलगडला गेला तो त्या दिवशी. चांगला होता. एक थेंब गळाला नाही. लटारूने डबा ओतला. गुणवंतराव लंगोटीवर आत बसले. एका डब्याचं पाणी बसल्यावर कमरेपर्यंतही येत नव्हतं, म्हणून ते तांब्याने पुन्हा पुन्हा अंगावर घेत होते. साबण लावला. मान चोळली, पाय चोळले, बोटांच्या बेचक्या चोळल्या. केवळराम टबाला हात लावून उभा होता. पलीकडे चाकाचा आवाज येत होता, कपाळ घासल्याचा. मग तो आवाज बंद झाला.

"घे आता," गुणवंतराव उठत म्हणाले. "सगळं तसंच आहे. मी काही प्यायलो नाही."

पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. केवळरामने ते बादलीत काढलं. दोन बैलांना पुरेल एवढं नव्हतं. पाखऱ्या पडला होता, पाय झाडत होता, जीभ वाळूवर आली होती. पुठ्ठ्यावर पराणीच्या खुणेभोवती माशा बसल्या होत्या. तो मान वर करून केवळरामच्या दिशेने बघत होता, किंवा नुसती मान वर करत होता. केवळराम त्याला वळसा घालून गेला आणि बादली मोऱ्याच्या तोंडाला लावली. मोऱ्याने साबणाचं पाणी शेवटपर्यंत ओढलं आणि मग बादलीतला त्याचा हात चाटू लागला.

पाखऱ्या ऊन उतरायच्या आत मेला.

मोऱ्या मेला नाही. आंधळा मात्र झाला. केवळराम बोलला की त्या दिशेला कान करून येई. गप्प झाला की जिथे असेल तिथे थांबे.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी कोळ्यांच्या गावातली माणसं मागावर आली, तो म्हाताराही. त्यांच्यातला एकच बोलला, तोही लटारूशी. लटारूने मालकांना सांगितलं, "ते आपले रेडे लावून बंडी कालव्यापर्यंत नेऊन देतीन. बदल्यात मेलेल्या बैलाचं कातडं पायजे. अन् आंधळा बैल."

"आंधळा काय करतील?"

"कातडंच."

"देऊन टाक," गुणवंतराव म्हणाले. "पण खुर्च्या एकूण एक बंडीत चढल्या पाहिजेत."

केवळराम पुढे झाला. "मालक, मोऱ्या माहा हाये. तुमी शब्द देल्ला."

"काय शब्द दिला?"

"जोडी..."

"दोन्ही बैल धड, असं म्हणलो होतो. अंगणभर लोकांनी ऐकलं आहे. एक बैल म्हणजे जोडी काय? आंधळा म्हणजे धड काय?" गुणवंतराव चिडून बोलत नव्हते, समजावून सांगत होते. "तूच सांग. मी अन्याय करतो काय?"

केवळरामने तो शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिला. तो शब्द खरोखर तसाच होता.

"त्याले हातानं धरून नेतो जी. मी पायी येतो. महिना लागू दे."

"अन् महिनाभर तुझं काम कोण करेल? सामान कोण वाहील? चल."

रेडे जुंपले. मोऱ्याला ताडाच्या एका बुंध्याला बांधायला लागले, तर तो कासरा हिसकून केवळरामच्या आवाजाकडे वळला. दोन माणसं फरफटली. म्हाताऱ्याने केवळरामकडे पाहून स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. हे सांगायला लटारू लागला नाही.

केवळराम गप्प झाला. मोऱ्या थांबला. त्यांनी त्याला बांधलं.

बंडी निघाली. केवळराम तिच्या मागे, डोक्यावर रेड्यांचं ओझं कमी करायला उतरवलेल्या दोन खुर्च्या. वाळूत पाऊल रुतलं तरी तो हूं करत नव्हता. मागे मोऱ्याचे कान कधी समुद्राकडे, कधी वाटेकडे फिरत होते.

"बोल ना गा," लटारू घरावरून वळून म्हणाला. "मुका झाला काय? एक हाळी दे त्याले. वळखन तो."

केवळरामने तोंड उघडलं नाही.

"बरं, मी देतो," लटारू म्हणाला आणि त्याने तोंडाशी हात नेला.

रंभाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या पाठीवर फटका मारला. लटारू हसला. हाळी राहिली. चाकांचं घर कालव्याच्या रस्त्याला लागलं, मागून बंडी लागली, आणि ताडांच्या मागे समुद्राचा आवाज येईनासा होईपर्यंत केवळराम तसाच चालला.

दौरा निघायच्या आधीच्या आठवड्यात गुणवंतरावांनी पाखऱ्या-मोऱ्याची जोडी आपल्या थोरल्या जावयाला देऊन टाकली होती. फाल्गुनात येऊन घेऊन जा, असा निरोपही पाठवला होता.